भाचीचा थिसिस आणि परीक्षकांचा गुडघा

आमच्या भाचीचं ऐका. पूजा फिजिओथेरपी शिकते. थिसिससाठी तिनं गुडघेदुखीच्या पेशंटांवर नवा व्यायाम करून पाहिला, आणि निकाल हाती येताच रडत हुडकेश्वरहून माझ्याकडे आली. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो ना!

“मामा, सगळं वाया गेलं. फरक सिग्निफिकंट नाही निघाला, म्हणजे तो नुसता योगायोगही असू शकतो.”

“रडून काहून राहिली वं? जुन्या व्यायामापेक्षा दुखणं जास्त कमी झालं का नाही?”

“बरंच कमी झालं. पण पेशंट लई कमी भेटले.”

“मंग फरक मोठा दिसते, पण माणसं थोडी. अशा चाचणीची पॉवरच कमी असते, खरा फरकही तिले पकडता येत नाही. सापडला नाही म्हणजे नाहीच, असं नसते.”

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी बाहेर बसलो होतो. आत काय झालं ते नंतर तिनंच सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, “म्हणजे तुमचा व्यायाम बेकार?”

ही म्हणाली, “सर, बेकार आहे असं म्हणायलाही पेशंट कमीच पडले.”

सर हसले आणि पास केलं. मग खुर्चीतून उठताना गुडघा धरून हळूच म्हणाले, “बेटा, जाण्याआधी तो व्यायाम मला दाखवून जा.”