लक्ष्मीनारायणाची वामकुक्षी आणि दादाची गोळी

मंडळी, ऐका! नीट मांडी घालून बसा. तो मोबाइल उलटा ठेवा काका — हां, तुम्हीच! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्या हातांनी देवाला अंघोळ घालायची, त्या हातांना जपायचं कुणी? देवानं? बायकोनं? डॉक्टरनं? बोला की! नाही सुचत? मलाही वेळेवर सुचलं नाही. म्हणून आज पुराण बाजूला ठेवतो आणि घरातलंच आख्यान सांगतो.

माझा थोरला भाऊ, रंगनाथदादा. आमच्या गावी लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, पूजा आमच्या घराण्याकडे. मी कीर्तनं करत गावोगाव हिंडलो. देव सांभाळला दादानं. आणि कसा सांभाळला! पहाटे भूपाळी — तीही हळू आवाजात, देव दचकून उठता कामा नये! मग अंघोळीचं पाणी. स्वतःच्या मनगटावर धार धरून बघायचा. जरा कढत लागलं की, "थांब रे नारायणा, चटका बसेल!" लगेच विसण घालायचा. बाराला नैवेद्य. नैवेद्य दाखवला की पडदा ओढायचा — देव जेवताहेत, घाई करायची नाही! मग गाभाऱ्याचं दार बंद. देवाची वामकुक्षी! कुणी घंटेला हात लावला, तर दादा तोंडावर बोट ठेवून धावत यायचा. "अहो, झोपलेत! चारला या!"

हसताय? हसा, हसा. आता दादाचं ऐका. दोन तांबे गार पाणी — झाली अंघोळ! बाराच्या नैवेद्यापर्यंत पोटात चहाचा घोटसुद्धा नाही. नंतर ताट डाव्या हातावर, उभ्यानं चार घास, आणि डोळे मोटारसायकलीकडे! का? देव झोपले की याला पंचक्रोशीतले सत्यनारायण! कुमुदवहिनी म्हणायची, "अहो, देवासाठी पडदा ओढता, स्वतःसाठी निदान पाट तरी मांडा!" दादा म्हणायचा, "देवाला वेळ असतो गं. पुजाऱ्याला कुठला?"

एके दिवशी आरतीतच त्याच्या हातातलं तबक थरथरलं. वहिनीनं बळेच डॉक्टरकडे नेलं. ब्लडप्रेशर! डॉक्टरबाई मोठी प्रेमळ. म्हणाली, "काका, सकाळी थोडं काही पोटात घाला आणि ही गोळी घ्या. दुपारी अर्धा तास पडा. संध्याकाळी रमतगमत चाला. झोपताना तळपायांना तेल चोळा." काय मागितलं हो त्या बाईनं? काशीला चालत जा म्हणाली? सोनं दान करा म्हणाली?

पण घोडं अडलं! देवाच्या आधी पुजाऱ्यानं खायचं कसं? सकाळी दादा सोवळ्यात, आणि गोळी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात. बारानंतर आठवली तर आठवली. महिना संपला, तरी पाकीट अर्धं भरलेलं! शेवटी वहिनीनंच तोड काढली. "पहाटे देवाला दूध-साखरेचा नैवेद्य दाखवा. तोच प्रसाद म्हणून घ्या, वर गोळी घ्या."

किती साधं, मंडळी! पण दादा कसला ऐकतो! "आजोबांपासून पहिला नैवेद्य बाराला. माझ्या सोयीसाठी देवाची वेळ बदलू?" वहिनी म्हणाली, "मग भावजींना विचारा. त्यांनी शास्त्र वाचलंय."

आणि दादानं मला फोन केला.

मी तेव्हा एका सप्ताहात होतो. दिवसाला दोन कीर्तनं, दोन गावं! तोंडात इडली, एक पाय चपलेत, बाहेर गाडीचा हॉर्न. "श्रीपाद, एक विचारायचंय. निवांत आहेस का?" निवांत! मी! म्हटलं, "दादा, पटकन बोल." पण दादाला पटकन बोलता येत नसे. त्यानं आजोबांपासून सुरुवात केली. आजोबा कसे बाराला नैवेद्य दाखवायचे, मग वडील कसे... मी मधेच तोडलं. "दादा, एवढा सप्ताह होऊ दे. मग सविस्तर बोलू."

"बरं बरं. तुझं चालू दे," तो म्हणाला. "जेवलास ना?"

मी उत्तरसुद्धा दिलं नाही. फोन ठेवला. एक 'हो' म्हणायचं होतं, मंडळी! आणि त्याला विचारायचं काय होतं, ते पुढं वहिनीकडून कळलं; त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, अगदी पाठ होतं. आणि त्याच रात्री मी देह कसा देवाचं मंदिर आहे यावर दीड तास बोललो! लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटते हो सांगताना.

सप्ताहाचा सहावा दिवस. इकडे गावी दादानं अभिषेकाचं पाणी काढलं, मनगटावर धार धरली... आणि वहिनीला हाक मारली. "अगं, हे पाणी गार आहे की गरम? मला कळत नाहीये." वहिनीनं बोट घातलं. पाणी चांगलं कढत होतं. ती काही बोलणार, तोवर दादा तिथंच खाली बसला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

तीन आठवडे इस्पितळ. घरी आणला तेव्हा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. पूजा आता शेजारच्या गावचा चुलतभाऊ करतो. वहिनी दादाला कोमट पाण्यानं अंघोळ घालते, पाटावर बसवून घास घास भरवते, दुपारी निजवते, रात्री तळपायांना तेल चोळते. डॉक्टरबाईनं सांगितलेलं सगळं होतं हो आता! रोज, वेळेवर. पण देवळातली घंटा वाजली की दादाचा डावा हात उचलला जातो, आणि वहिनी पदरानं त्याचे डोळे पुसते.

वाचा थोडी थोडी परतू लागली, तेव्हा एक दिवस मी त्याच्यापाशी बसलो होतो. शब्द एकेक गोळा करत तो म्हणाला, "श्रीपाद... दूध... दाखवलं तर... चालतं का?"

अजून वाट बघत होता, मंडळी! रागावला नाही, दोष दिला नाही. त्याला फक्त उत्तर हवं होतं. मी त्याचे पाय धरले. म्हटलं, "चालतं, दादा. तेव्हाही चालत होतं." तो अर्ध्या तोंडानं हसला. "मग... बरं," म्हणाला.

मंडळी, मी तुम्हाला व्रत नाही सांगत. बसून जेवा म्हणतो. दुपारी घटकाभर आडवे व्हा म्हणतो. अवघड आहे? आहे! मला विचारा. एवढं सगळं घडूनही आज मी गाडीतच जेवलो, पोळीची गुंडाळी करून. तुम्ही मला बुवा म्हणता, पाया पडता... कसले बुवा आणि कसलं काय! आणि तुम्ही? 'एवढं लग्न होऊ दे', 'एवढी परीक्षा होऊ दे' — शरीर काहीतरी विचारतंय आणि आपण त्याला मधेच तोडतोय! घरात कुणी उभ्यानं जेवतंय, ते दिसतं का तुम्हाला?

आता आरती. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी उठू नका. बसून म्हणा. चालतं! ज्यांची गोळीची वेळ झालीय, त्यांनी आधी प्रसाद घ्या आणि गोळी घ्या. तेही चालतं! देव रागावत नाही, हे मी शास्त्र वाचून सांगतोय. आणखी कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. अगदी आजोबांपासून सुरुवात करा. मी थांबलोय.