मांडीवरची थाप

या मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकलेले बाबा, तुम्हीसुद्धा! आज ब्राझीलचं आख्यान सांगतो – हसू नका, देव काय आपल्याच तालुक्यात राहतो?

आधी एक सवाल. समोरचा शरण आला, पण ते फक्त तुम्हालाच कळलं. साक्षीला कुणी नाही. मग सोडायचं, का पिळत राहायचं? मनात ठरवून ठेवा.

बरं, ऐका! तिकडे बेलेम म्हणून नदीकाठचं शहर. तिथल्या मासळीवालीचा पोरगा बेनेदितो. जिभेवर बसत नसेल तर बेनूभाऊ म्हणा, तो रागावणार नाही. आणि रागावलाच – तर आपण पळायचं! देह असा, की दारातून आडवा शिरायचा. तिकडची झुंज जाळीच्या पिंजऱ्यात. ठोसे, लाथा, कुस्तीची पकड – सगळं एकदम! त्यात हा हेवीवेट विजेता. वर्षानुवर्षं कमरेचा विजेतेपदाचा पट्टा कुणाला काढता येईना. पण गुडघे कुरकुरायला लागले. बेनूभाऊनं ठरवलं – ही शेवटची झुंज. पट्ट्यासकट घरी जायचं!

समोर क्लेबर. तरणाबांड, विजेसारखा. त्यानं बेनूभाऊचा एक डोळा सुजवून बंदच केला. पण जाळीपाशी दोघं कोसळले, आणि क्लेबरचा हात बेनूभाऊच्या पकडीत सापडला! कोपर उलटं वाकायला लागलं.

त्या खेळात शरण यायचं तर हातानं थाप मारायची. थाप! आपण घरी मारतो ती नव्हे हो! – वहिनी हसल्या बघा, त्यांना ठाऊक आहे.

क्लेबरच्या तोंडात दातांची ढाल, बोलता येईना. दुसरा हात जाळी आणि बेनूभाऊच्या मांडीमध्ये अडकलेला, नुसती बोटं हलत होती; पंच दुसऱ्या अंगाला, त्याला दिसेना. आणि बेनूभाऊच्या मांडीवर ती बोटं पडली. टप, टप. लेकराला थोपटावं इतकी हलकी!

कोपऱ्यातून गुरू ओरडला, "बेनू, सोडू नकोस! पंचाला बोलू दे!"

सोडलं आणि हा फिरला तर? पट्टा गेला! नाही सोडलं तर? पोराचा हात गेला!

बेनूभाऊनं सोडलं.

पंच खेकसला, "थांबलास का? मी थांबवलेलं नाही! लढा!"

क्लेबर उठला. समोर म्हातारा सिंह – गुडघ्यावर, हात उघडे! एक लाथ, की पट्टा त्याचा. लोक ओरडतायत, "मार! मार!" बेनूभाऊनं डोळा मिटला...

क्लेबरनं ढाल थुंकली. "मी थाप मारली होती."

"मी पाहिली नाही," पंच म्हणाला.

"त्यानं ऐकली ना! मग झालं."

हुश्श! सोडा मंडळी श्वास, तुम्हीही धरला होता! मंडळी, त्यानं थाप मारली – आणि थाप मारली नाही!

पंचानं बेनूभाऊचा हात वर केला, पट्टा राहिला. बेनूभाऊ तिथंच बसून रडत हसला. म्हणाला, "पोरा, हात वाकवून दाखव."

"जेवता येईल तेवढा वाकतोय, दादा."

"मग चल जेवायला. माझं काम संपलं!" हातमोजे तिथंच ठेवून तो हलका होऊन निघाला.

आता आपलं. धाकटा भाऊ दाराआडून हळूच म्हणतो, "दादा, चुकलं." आणि आपण? "काय? ऐकू नाही आलं! चारचौघांत म्हण!" अहो, ऐकू आलेलं असतं! सोडा की हात!

बेनूभाऊचं नाव त्याच्या पट्ट्यावर कोरलेलं आहे, ते राहील. हरलेल्याचं नाव कोण घेतो? म्हणून आज गजर कराल, तेव्हा मनात त्या क्लेबरला आठवा. म्हणा – विठ्ठल!