बोलायला माणूस

(संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुटला आहे. मागच्या बाकावर दोघंच उरली आहेत.)

शिंपीणबाई : अहो बेकरीवाले, हे अर्धवट राहिलंय. ‘अ पर्सन टू टॉक’. शेवटी आणखी एक ‘टू’ हवा.

बेकरीवाले : एक आहे की. एवढ्याशा ओळीत किती घालायचे?

शिंपीणबाई : पहिला बोलण्याचा. दुसरा माणसाशी जोडणारा. खुर्चीचं बघा. ‘अ चेअर टू सिट ऑन’. आपण खुर्चीवर बसतो, त्या ‘वर’चा ‘ऑन’.

बेकरीवाले : आपण नुसतं ‘बसायला खुर्ची’ म्हणतो. ‘वर’ कोण म्हणतं?

शिंपीणबाई : आपलं भागतं, त्यांचं नाही भागत. पाव कापायला सुरी, सांगा.

बेकरीवाले : ‘अ नाइफ टू कट ब्रेड’... थांबा. ‘विथ’.

शिंपीणबाई : जमलं की.

बेकरीवाले : मग ‘अ बुक टू रीड’ला शेपूट का नाही?

शिंपीणबाई : पुस्तक थेट वाचतो आपण. त्याच्यावर, त्याच्याशी असं काही लागत नाही.

बेकरीवाले : आणि माझं आहे तसंच ठेवलं तर?

शिंपीणबाई : तर बोलणारा माणूस होईल. तो बोलेल, तुम्ही ऐकाल.

बेकरीवाले : तसे घरी आहेत. मुलगा, सून. गोळी घ्या, दार लावा, पंखा बंद करा. ही गेल्यापासून मी नुसता ऐकतोय. मला ज्याच्याशी बोलता येईल असं माणूस हवंय.

शिंपीणबाई : मग ‘टू’ घाला.

बेकरीवाले : घातला. वर्ग या महिन्यात संपतोय ना?

शिंपीणबाई : हो.

बेकरीवाले : मग तुमच्याशी कुठे बोलायचं?

शिंपीणबाई : तरीच हल्ली मला ‘ताई’ म्हणत नाही तुम्ही.

बेकरीवाले : जीभ वळत नाही.

शिंपीणबाई : मुलाला माहीत आहे?

बेकरीवाले : सांगितलं. म्हणाला, बाबा, आधी त्यांना तर विचारा.

शिंपीणबाई : शहाणा आहे. माझी लेक तर केव्हाची मागे लागलीय, आई, एकटी राहू नकोस म्हणून. मीच कानाडोळा करत होते.

बेकरीवाले : विचारू मग? इंग्रजीत नाही जमणार.

शिंपीणबाई : मराठीत विचारा.

बेकरीवाले : माझ्या घरी याल? कायमच्या?

शिंपीणबाई : शिलाई मशीन बरोबर येईल माझं. दुपारभर खडखडतं.

बेकरीवाले : पहाटे भट्टी पेटवायची असते. माझी झोप दुपारचीच.

शिंपीणबाई : मग कसं करायचं?

बेकरीवाले : खिडकीजवळ ठेवू. तिथे उजेड चांगला येतो.