दीड लिटरचं इंजिन

एकसष्ट साली परतवाड्याच्या स्टँडवर अमरावतीच्या बसची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते.

"वच्छला, यंदा शर्यतीच्या गाड्यायचा कायदाच बदलला. अडीच लिटरचं इंजिन बंद, आता दीडच."

"तिकडं अमरावतीले दवाखान्यात पोरीले कळा सुटल्या, अन् तुमी इंजिनं मोजून राहिले?"

"दोन सालाआंधी अमेरिकेतल्या शर्यतीत त्या ब्रॅबम ड्रायव्हरचं पेट्रोल सरलं. गड्यानं खाली उतरून गाडी ढकलत नेली! चौथा आला, तरी जगज्जेता ठरला."

"बस कवा येते, ते इचारलं का?"

"इचारलं. येतेच म्हनते. आता लहान इंजिन म्हनल्यावर गाडी हलकी..."

"अवो, हात जोडले तुमाले, चूप बसा ना! कावून डोकं खाऊन राहिले माह्यं?"

"चूप बसलो का थोरलीचं बाळंतपन आठवते मले. तवाबी आपन असेच निंगालो होतो. पोचलो, तं थोरली गेली होती."

धूळ उडवत एक बस आली. ती अकोल्याची निघाली.

"बरं, मंग सांगा," बाई म्हणाली. "यंदा कोन जितून राहिला?"