आधी जेवणारी हजराबी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या या वृद्धाश्रमाचे संचालक माननीय संजयराव, प्रमुख पाहुण्या डॉक्टर आरिफा मॅडम, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आपल्या इथल्या सेविका हजराबी, त्यांना न्यायला उमरखेडहून आलेले त्यांचे चिरंजीव जीशानभाई, आर्णीतले निमंत्रित नागरिक आणि माझ्यासोबत या घरात राहणाऱ्या मंडळींनो, विठ्ठलरावाचा सर्वांना नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सेवा, त्याग असे मोठे शब्द वापरले. शब्द योग्यच आहेत. पण हजराबींनी इथं नेमकं काय केलं, असं मला विचाराल तर त्या रोज माझ्या बायकोच्या आधी जेवल्या. हसू नका, ऐकून घ्या.

माझी पत्नी बेबीताई सगळं विसरत चालली आहे. लेकरांची नावं गेली, गाव गेलं. राहिली फक्त कापसाची वेचणी. ताट समोर आलं की तिला वाटतं, आपण वावरात आहोत. आणि तिचा जन्माचा नेम असा, की वेचणाऱ्या बाया जेवल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. ती विचारायची, "बाया जेवल्या का?" आम्ही सगळे हो म्हणायचो. तिला पटणार कसं? बाया तर कुठं दिसत नव्हत्या! ती उपाशी राहू लागली. आम्हाला वाटलं, दात दुखत असतील. डॉक्टर मॅडमनी बिचाऱ्यांनी भुकेच्या गोळ्या दिल्या.

मग एक दिवस हजराबी, कापूस वेचणाऱ्या बाया ओटी बांधतात तशी, कमरेला ओढणी बांधून आल्या. "पाटलीणबाई, झालं वो वेचणं," म्हणत ओढणी सोडली, तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि जेवू लागल्या. चार घास खाऊन म्हणाल्या, "आता तुमीच राह्यल्या. बसा ना." आणि बेबी जेवली! तेव्हापासून दोन्ही वेळा हेच. रमजान आला तेव्हा मी घाबरलो होतो. हजराबींनी नुसतं सांगितलं, "माहा रोजा हाय." बेबी म्हणे, "मंग सावलीत बस, ओझं नको उचलू." आणि निमूटपणे जेवायला बसली.

आता जीशानभाईंनी उमरखेडला गॅरेज टाकलं आहे, सुनेचे दिवस भरत आले आहेत. आईनं जायलाच हवं. कोण नाही म्हणेल?

गेला आठवडाभर आम्ही सराव करून राह्यलो. आमच्यासोबत इथंच राहणाऱ्या धनीबाईंनी ओढणी बांधून पाहिली. बेबी त्यांना म्हणाली, "तुमी पाहुण्या, तुमी कायले काम करता?" मग मी समोर बसलो. आता हे कसं सांगू तुम्हाला? इतके महिने ती मला ओळखत नव्हती. त्या दिवशी ओळखलं. चटकन डोक्यावर पदर घेतला, आपलं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "आधी तुमी जेवून घ्या." मी जेवलो तर तिचं ताट रिकामं. नाही जेवलो तर तीही जेवत नाही. दुसरं ताट ठेवलं, तेही तिनं मलाच वाढलं. नवऱ्यानं करावं काय, सांगा?

संजयराव म्हणतात, नवीन बाई येईल, हळूहळू सवय होईल. होईलही. पण तोवर बेबी काय खाईल? जीशानभाई, मी शहाण्या माणसासारखा निरोप द्यायला उभा आहे, पण खरं सांगू? मले वाटून राह्यलं की तुमची गाडी सुरूच होऊ नये. आता गॅरेजवाल्याची गाडी, ती कशाला बंद पडते!

असो. अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, पाहुण्यांनी वेळ काढला, सर्वांचा मी ऋणी आहे. म्हातारा माणूस आहे, कुणाचा मान राहून गेला असेल, एखादा शब्द जास्त झाला असेल, तर पोटात घाला. टाळ्या मात्र कृपा करून वाजवू नका. सत्कारमूर्ती मागं दाराशी बसून बेबीसोबत जेवताहेत. गलका झाला की दारी पाहुणे आले समजून बेबी वाढायला उठते, आणि तिच्या ताटात अजून अर्धी भाकर आहे.