शालनच्या दाढेतला पारा

...तर आता तुम्हीच सांगा, दाढेत चांदी भरली म्हणून हसायचं, की पारा भरला म्हणून रडायचं? तुम्हाला सांगते, शालन म्हणजे आमची शेजारीण, तिची ही डावीकडची दाढ! किडली, ठणकली, गाल असा नारळाएवढा! शेवटी मीच एस्टीत घालून तिला रत्नागिरीला डॉक्टरकडे नेली. त्यानं चांदी भरली. पोर सुखानं जेवायला लागली हो!

तेवढ्यात मे महिन्याचा तिचा दीर आला मुंबईहून, महिपत. हातात पेपर! "वहिनी, ती कसली चांदी? निम्मा पारा हाय त्यात! तिकडं अमेरिकेत भांडणं लागलीत त्याच्यावरनं. चावलं की वाफ निघते!" मी तिथंच होते... म्हणजे सहज, वाटी परत द्यायला गेले होते. शालननं हातातली भाकरी खाली ठेवली. करायचं काय माणसानं?

पुन्हा एस्टी, पुन्हा डॉक्टर. म्हटलं, काढा तो पारा! तर म्हणतो, "मावशी, शंभरावर वर्षं लोक भरतायत, काही होत नाही. उलट काढायला गेलो तर जास्त वाफ निघेल!" म्हणजे बघा, ठेवला तर काही होत नाही, पण काढला तर होतं! मग करायचं काय माणसानं?

मग मीच म्हटलं, विषाला उतारा वैद्याकडे. वैद्यबुवांनी नाडी धरली, मान हलवली, "छे छे, पारा फार वाईट!" आणि दिल्या पुड्या. शालननं एक मधातून चाटली, तेव्हा मी सहज विचारलं, बुवा, यात आहे काय? तर म्हणतात, "पारा! पण आमचा भस्म करून मारलेला असतो!" अहो, मेलेला काय नि जिता काय, गेला पोरीच्या पोटातच ना?

शेवटी शालन रडायलाच लागली. "काकी, झोप नाय लागत. दाढच उपटून टाकूया." उपटली! चांगली भरलेली, न दुखणारी दाढ!

आता तरी सुटलो म्हणून काल तिनं सुरमई तळायला घेतली. मला हाक मारली... बरं, वासावर मी निघालेच होते. पाटावर बसतोय, तोच महिपतानं नवा पेपर उघडला. "वहिनी, मोठ्या माशांतपण पारा असतो म्हणे..."

तुकडी तव्यावर चरचरतेय, शालन सुजका गाल धरून माझ्याकडं बघतेय.

म्हटलं, वाढ बाई. करायचं काय माणसानं? तेवढी मला शेपटीकडची दे... तिथवर पोचला नसेल.