एका पानात बसवायचं

झेरॉक्सच्या रांगेत एक बाप नि त्याची मुलगी त्याच्या नोकरीच्या बायोडेटावर पेन घेऊन भांडत होते.

"बाबा, एका पानात बसायला हवं. छापखान्यातलं खिळे जुळवणं काढते."

"अगं, सोळा वर्षं केलंय!"

"आता ते काम उरलंय कुठे?"

"मग जन्मतारीखच काढ. वय बघून कुणी फोन करत नाही."

"ती केव्हाच काढली."

"छंद?"

"तेही."

"मग राहिलो कुठे मी?"

"थांबा. हा नंबर कुणाचा?"

"आपलाच. तुझ्या आईचा."

"बाबा, ती गेल्यावर तो बंद केला ना आपण!"

"हो की... पण असले फोन तीच घ्यायची गं."

"आता तुमचा घालते."

"घाल. पण फोन आलाच, तर मी बोलू काय?"

"आधी हॅलो तर म्हणा."